सुतकातली वीज

आमच्या गावात सरकारची लाईट जाते, आजूबाजूच्या टॉवरची जनरेटर सुरू होईपर्यंत जाते, पण देवाची लाईट जात नाही. सुकापूरच्या पुढे, जिथे आमची भातशेती होती तिथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या मधोमध आमचं जुनं गाव अजून चिकटून बसलं आहे. गावाच्या मधोमध देऊळ. देवळाच्या सभामंडपावर सोलरच्या पॅनेलच्या रांगा आहेत. टॉवरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर देऊळ दिसतच नाही, नुसती पॅनेलं दिसतात. रस्त्यावरचे दिवे, पाणी चढवायचा पंप, पोरांना अभ्यासाला बसायची जागा आणि आजाऱ्यांसाठी एक खोली, हे सगळं त्या उन्हावर चालतं. बाहेरची माणसं येऊन फोटो काढतात, कौतुक करतात. कौतुक करण्यासारखंच आहे, मी नाही कशाला म्हणू? ती कल्पना मुळात माझी होती.

कल्पना सुचली ती काही गावाच्या प्रेमापोटी नाही. सासू सुचवून गेली.

माझी सासू वाईट बाई आहे. हे मी रागाने लिहीत नाही, ओळख करून देते आहे. जन्मभर चुलीपुढे बसून आणि मशेरी लावून तिने स्वतःच्या छातीची वाट लावली, आणि त्यातून वेळ मिळाला तेव्हा माझी. पनवेलच्या दवाखान्यातून ती घरी आली ती ऑक्सिजनचं मशीन घेऊन. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारा डबा, आणि डब्याला चोवीस तास वीज हवी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लाईट गेली की तुमच्याकडे फार वेळ नसतो. मशीनसोबत एक लहान सिलिंडर दिला होता, तो तेवढ्यापुरता.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाणं म्हणजे नवल नाही. लाईट गेली की मी कॉलेजच्या ग्रंथालयातून, जिथे मी नोकरी करते तिथून, रिक्षा करून पळत घरी यायची. शेजारणी सासूला वारा घालत बसलेल्या असायच्या आणि सासू त्यांना सांगत असायची की सून मुद्दाम उशिरा येते. नळीतून जेवढा श्वास मिळे त्यातला निम्मा ती माझ्या बदनामीवर खर्च करायची.

तिच्या राज्यात शिवाशिव हा मुख्य कायदा होता. महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत. वेगळं ताट, वेगळी सतरंजी, पाण्याचा वेगळा तांब्या. सकाळी मी ग्रंथालयात शंभर हातांना पुस्तकं द्यायची, त्या हातांना काही होत नसे, आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या दाराने पडवीत जाऊन बसायची. माझ्या तारखा मला आठवत नसत, तिला पाठ असत. एखादा दिवस पुढे-मागे झाला की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "अडचण नाय ना गो?" सगळ्यांच्या देखत. पाहुण्यांच्या देखतसुद्धा.

माझा मुलगा बोलायला लागला तेव्हाची गोष्ट. तो दुडुदुडु चालत पडवीच्या उंबऱ्याशी आला, मी हात पुढे केले, आणि तो थांबला. आजीने शिकवलेलं आठवून, बोट वर करून, फार गोड आवाजात म्हणाला, "आई, शिवू नको." घरातले सगळे हसले. नवराही हसला. नवरा तसा चांगला माणूस आहे. चांगला म्हणजे असं काही असलं की तो बहुधा घराबाहेर असतो, आणि घरात असलाच तर हसतो. त्या दिवशीचं ते हसू मी त्याला आजवर माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

तर, सोलर. कॉलेजच्या गच्चीवर पॅनेलं बसत होती तेव्हा मी त्या लोकांना खोदून खोदून विचारलं. मग गावच्या महिला मंडळात विषय काढला, की सभामंडपाचा पत्रा एवढा मोठा, दिवसभर तापतो, त्याचा उपयोग करू. बॅटऱ्या ठेवू, लाईट गेली की आजारी माणसांना तिथे बसता येईल. महिला मंडळाने माना डोलावल्या. मंदिर समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलत सासरे. घरात सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी तीच गोष्ट स्वतःची म्हणून गावकीपुढे मांडली, आणि मग ती पसंत पडली. शेजारच्या टॉवरच्या बिल्डरने पॅनेलं दिली. त्याला आमच्या गावातून रस्ता हवा होता, म्हणून देवावर त्याची भक्ती बसली.

माझं एकच म्हणणं होतं. आजाऱ्यांची खोली देवळाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला काढा. बॅटऱ्या तिथे ठेवा, स्विचबोर्ड तिथे लावा.

"देवाची वीज देवाच्या आवारातच पायजे," काका म्हणाले. "बाहेर नेली का ती म्हावऱ्याच्या दुकानातल्या मासलीलाबी लागंल."

आणि सासू, जिच्या श्वासासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तीही नळीआडून म्हणाली, "खोली देवलानच करा. मना देवाच्या नजरंपुढं मरान आलं तर बरा."

खोली सभामंडपाला लागून, पायरी आणि उंबरा ओलांडून आत झाली. बॅटऱ्या तिथे, बोर्ड तिथे, एक खाट, औषधांसाठी लहान फ्रिज. दारावर रंगाऱ्याकडून सुबक अक्षरांत लिहून घेतलं: 'सोयर, सुतक, अडचण असणाऱ्यांनी आत येऊ नये.' म्हणजे घरात नुकतंच कुणी जन्मलं असेल, कुणी मेलं असेल, किंवा बाईची पाळी असेल, तर आजारी पडू नये. माणूस ज्या दिवसांत सगळ्यांत जास्त अडलेला असतो तेच दिवस नेमके वगळले. इतकं डोकं चालवून केलेला मूर्खपणा मी दुसरा पाहिला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी आमच्या गच्चीवर उभी होते. पाळी सरत आलेलं वय, तारखांचा काही नेम राहिला नव्हता, आणि नेमकी त्याच सकाळी. खाली नारळ फुटला, काकांनी बटण दाबलं, रांगेने दिवे लागले, टाळ्या झाल्या. सासू खाटेवर बसून सगळ्यांचे नमस्कार घेत होती. भाषणात माझं नाव आलं नाही. आलं असतं तरी मी तिथे नव्हते.

पण काम झालं. ते मला कबूल करायलाच हवं, आणि त्याचा मला आनंदही होता. पुढच्या उन्हाळ्यात लाईट गेली की गल्लीतल्या साखरेच्या पेशंटची इंजेक्शनं देवळाच्या फ्रिजमध्ये जायची. पोरं पंख्याखाली अभ्यासाला बसायची. पंप चालायचा, म्हणून इमारतींना टँकर लागायचा तेव्हा आमच्या नळाला पाणी असायचं. टॉवरच्या जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवेच चालायचे, म्हणून तिथल्या बायका मोबाईल चार्ज करायला यायच्या आणि देवाला नमस्कार करून जायच्या. आमचं घर देवळाला खेटून आहे, त्यामुळे सासूला खाटेपर्यंत न्यायला दोन माणसं पुरत. तिथे ती दरबार भरवून बसायची. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला आधी तिच्या प्रश्नातून जावं लागे. गल्लीतल्या बायका सवयीने मान हलवून आत जायच्या. खोटं बोलणाऱ्याही असतील, देव जाणे, मला त्यांचा हेवा वाटायचा.

आमच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू कुटुंब राहतं. जालन्याकडची माणसं. नवरा जासईच्या बाजूला कंटेनर यार्डात कामाला, पाळ्यांची नोकरी. बायको तरुण, बोलायला मोकळी, आणि त्यांची एक तान्ही मुलगी, जिच्या छातीत वरचेवर घरघर व्हायची. तिला वाफ द्यायचं लहान मशीन त्यांनी घेतलं होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लाईट गेलेली असताना त्या मुलीची छाती भरून आली. तिची आई एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने मशीन घेऊन देवळात धावली. मी कामावर होते. नंतर मला शेजारणींनी सांगितलं. सासूने खाटेवरून विचारलं, "अडचण नाय ना गो?"

ती जालन्याची. तिला वाटलं असावं, म्हातारी विचारते आहे म्हणजे काळजीने विचारते आहे. ती खरं बोलली. "आहे आजी, पण बाळाला..."

"मंग भाईर हो."

"बाळाला घ्या ना तुम्ही. मी बाहेर थांबते. तुम्ही वाफ द्या."

"तू शिवलेली पोर मी हातान घेऊ? देवाफुडं?"

खोलीत आणखी तीन-चार जणी होत्या. कुणी हललं नाही. ती पायरीवर उभी राहिली, मुलगी निळी पडायला लागली तेव्हा रस्त्यावर पळाली, कुणाची तरी रिक्षा मिळाली, पनवेल गाठलं. मुलगी वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती. संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी सासूपुढे उभी राहून घसा फुटेपर्यंत ओरडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याला म्हणाली, "हिला सांग, माजी छाती दुकते वरडल्यावं." नवऱ्याने मला सांगितलं.

भाडेकरीण दवाखान्यातून परत आली ती बदललेली होती. बोलणं बंद नाही केलं तिने, उलट सासूशी जास्तच अदबीने बोलायला लागली. "आजी, पाणी देऊ का?" "आजी, ऊन लागतंय, पडदा ओढू?" सासू खूश. मला म्हणायची, बघ, परक्याची पोर कशी सुधारली. मला त्या अदबीची भीती वाटायची.

या वर्षी मे महिन्यात आमच्या भावकीतला एक म्हातारा वारला. गावाच्या त्या टोकाला एकटा राहायचा. जमिनीच्या वाटणीवरून त्याचं सगळ्यांशी बिनसलं होतं. कुणी त्याच्या दारात जात नव्हतं, सणाला ताट पाठवत नव्हतं. मेला आणि एका क्षणात सगळं गाव त्याचं जवळचं झालं, कारण सगळं गाव एकाच आडनावाचं. दहा दिवस सुतक. गावात चूल पेटेल पण देवळात दिवा लावायला हात नाही. समितीने पनवेलहून एक गुरव ठरवला, तो सकाळी मोटारसायकलवर येऊन पूजा उरकून जायचा. जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारलं नाही त्या म्हाताऱ्याने मेल्यावर अख्ख्या गावाला देवाच्या दाराबाहेर उभं केलं. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी दिली.

सुतक चालू असतानाच एका दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. आवाज झाला, धूर आला, आणि घरातला पंखा हळूहळू थांबला. मी सुट्टीमुळे घरी होते. नवरा गाडी घेऊन उरणला कामाला गेलेला. घरचा इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी फुगून गेली होती, आणि देऊळ आहेच की म्हणून नवऱ्याने ती बदलली नव्हती. मी सिलिंडर जोडला. काटा पाहिला तर खाली गेलेला. मागच्या वेळी वापरून भरून आणायचा राहिला होता, तेही नवऱ्याचंच काम. अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती येते म्हणाली, पण पुलाच्या कामामुळे रस्ता वळवलेला होता, वेळ लागणार होता.

बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. देवळावरची पॅनेलं चकाकत होती. रिकाम्या खोलीतला पंखा फिरताना आमच्या ओटीवरून दिसत होता. वीज ओतू जात होती आणि आत जायला माणूस नव्हता.

मी आणि शेजारच्या जावेने सासूला खुर्चीसकट उचलून देवळाच्या पायरीपर्यंत नेलं. मशीन नेलं, घरातली लांब वायरीची पट्टी नेली. तिथे झाडाखाली काका आणि भावकीतले आणखी दोघे बसले होते. सगळे सुतकातले.

"काका, आत नेऊ द्या."

"सुतक हाय."

"मग ही वायर घ्या. प्लग आत, मशीन बाहेर. आई उंबरा ओलांडणार नाहीत."

आता हा प्रश्न गावकीपुढे यापूर्वी कधी आलेला नव्हता. विजेला सुतक लागतं का? तिघे विचारात पडले. एक जण म्हणाला, सुतकाच्या घरची वायर देवाच्या बोर्डात खुपसली तर वायरीतून विटाळ आत जाईल. दुसरा म्हणाला, वायरीच्या आत तांबं असतं, देवाची भांडीही तांब्याची, तांब्याला विटाळ नाही. पहिला म्हणाला, वरून प्लास्टिक आहे त्याचं काय? काकांनी सगळं ऐकून घेतलं. माझी सासू खुर्चीत बसून मासळीसारखं तोंड उघडत होती, आणि हे तिघे वायर सोलून तिचा धर्म तपासत होते. शेवटी काकांनी निवाडा दिला. वायर चालेल. पण प्लग लावणारा हात सुतकातला नको.

"गुरवाला फोन करा मग."

गुरवाचा फोन बंद होता.

मी वायरीचं टोक उचललं आणि पायरी चढले. बस झाला हा तमाशा, असं मी मोठ्याने म्हणाले. मागून सासूने माझ्या साडीचा पदर धरला. तिच्यात एवढी ताकद कुठून आली होती कुणास ठाऊक.

"तू लावशील... तर मी नली कारून टाकीन."

"आई, सिलिंडर संपत आलाय."

"संपूदे. सुतकाचे हातान... देवाला नाय बाटवू देनार."

आणि तिने खरंच नळी नाकातून अर्धी ओढली. मी खाली उतरले. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "बघा, याला म्हणत्यात निष्ठा." मला त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जाऊबाई रडत होती. आणि मला, खोटं कशाला सांगू, सासूचा थोडा अभिमान वाटला. जन्मभर तिने मला ज्या कायद्याने छळलं, तो तिचा खराच होता तर. ती स्वतःही त्याच्यासाठी मरायला तयार होती. निदान ढोंग नव्हतं. माझी एवढी वर्षं एका खऱ्या गोष्टीपायी गेली असं वाटून, विचित्र वाटेल ऐकायला, मला बरं वाटलं.

तेवढ्यात जाऊबाईच म्हणाली, "भाडेकरीण हाय ना. ती कुठं आपल्या भावकीतली?"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ती आमच्या ओटीवर, मुलीला कडेवर घेऊन, सगळं बघत उभी होती. काकांनी तिला हाक मारली. हाक मारताना ते पहिल्यांदाच तिला 'ताई' म्हणाले. ती आली. मुलगी जाऊबाईकडे दिली, डोक्यावरून पदर घेतला, आणि माझ्या हातातून वायर घेतली. पायरीशी आली आणि थांबली.

सासूसमोर उभी राहिली, जरा वाकली, आणि नेहमीच्या त्या अदबीने म्हणाली, "आजी, तुम्ही आज विचारलं नाही."

सासूला कळेना. तिची नजर सिलिंडरच्या काट्यावर होती. काटा टेकला होता.

"माझी अडचण आहे आजी. आज तिसरा दिवस."

झाडाखालचे तिघे उठून उभे राहिले. काका म्हणाले, "आगं, मंग तू कशाला आलीस?" ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती सासूकडे बघत होती. हातात वायर, एक पाय पायरीवर, आणि तोंडावर राग नाही, हसू नाही.

"सांगा ना आजी. चालेल का? नाही चालत तर मी बाहेर होते."

सिलिंडरची फुसफुस थांबली. ती इतका वेळ चालू होती हे थांबल्यावरच कळलं. सासूची छाती वर गेली आणि खाली येईना. ओठांचा रंग बदलला. तिने एकदा देवाकडे पाहिलं, दार उघडंच होतं, समोर मूर्ती होती. मग तिने भाडेकरणीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"चालंल," ती म्हणाली.

भाडेकरीण ऐकू न आल्यासारखं करून आणखी वाकली. "काय म्हणालात?"

"चालंल! चालंल गो!"

मग ती आत गेली. उंबरा ओलांडताना वाकून त्याला हात लावला, तो कपाळाला लावला, बोर्डात प्लग घातला, बटण दाबलं. मशीन घरघरलं. मी नळी नीट बसवली. सासूने श्वास घेतला, मग दुसरा घेतला, आणि तिच्या तोंडावर हळूहळू रंग येताना मी बघत राहिले.

जाऊबाईने देवाला हात जोडले. काका रूमालाने मान पुसत म्हणाले, आपत्काल होता, देव समजून घेतो. सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून.

माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. चालंल. एवढंच होतं. म्हणायला किती सोपं होतं ते. ना कुठलं प्रायश्चित्त, ना कुणाला विचारणं. माझ्या पडवीतल्या त्या सगळ्या दिवसांत कुठल्याही एका दिवशी ती हा शब्द म्हणू शकली असती. मूल उंबऱ्याशी येऊन थांबलं तेव्हा म्हणू शकली असती. ती मरायला तयार आहे असं मला वाटलं होतं ते सिलिंडरमध्ये हवा होती तोवर. हवा संपली आणि कायदाही संपला. मी एका खऱ्या गोष्टीसाठी झिजले नव्हते. एका म्हातारीच्या फुरसतीसाठी झिजले होते.

अॅम्ब्युलन्स आली, त्यांनी तपासलं, मोठा सिलिंडर लावला, म्हणाले नशीब वेळेवर मशीन चालू झालं. संध्याकाळी लाईट आली. आपल्या पलंगावर, आपल्या मशीनला जोडलेली सासू जरा बोलण्यासारखी झाली तेव्हा तिचं पहिलं वाक्य मला उद्देशून होतं.

"त्या बाईला सांग, पायरीवं गोमूत्र टाक म्हनावं. आनि ती वायर धुवून ठेव."

मी वायर धुतली नाही. मागच्या खोलीत गेले. भाडेकरीण मुलीला झोपवत होती. मी तिचे आभार मानायला गेले होते की भांडायला, मलाच ठरवता येत नव्हतं. तिनेच आधी तोंड उघडलं.

"ताई, मी काही बाजूला नव्हते आज. अडचण नव्हतीच मला."

मी दार लोटून घेतलं.

"मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

"आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर?"

तिने मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "तर मी बाहेर झाले असते ताई. त्यांनीच शिकवलंय ना मला."

ती खरंच थांबली असती का, मला माहीत नाही. मला तिची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ दोघी त्या मुलीचा श्वास ऐकत होतो. तो त्या दिवशी स्वच्छ होता.

सुतक फिटलं. देवळाच्या दारावरची अक्षरं तशीच आहेत, कुणी पुसली नाहीत. सासू पुन्हा तिच्या खाटेवर जाऊन बसते, पण हल्ली आत येणाऱ्या बायकांना विचारत नाही. लोक म्हणतात, म्हातारी आता थकली.

माझी पाळी जाऊन आता बराच काळ झाला. हे माझ्याइतकंच तिला ठाऊक आहे. माझ्या तारखा तिनेच तर सांभाळल्या. शेवटचा महिना कुठला हेही तीच सांगू शकेल.

रोज सकाळी मी तिला चहा देते. पलंगाशी उभी राहते, कप पुढे करते आणि सांगते, "आई, आज माजी अडचण हाय."

पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हात पुढे आला नाही. मशीन घरघरत होतं. त्याची वायर माझ्या पायाशी होती, आणि बटण माझ्या हाताला लागून. मी बटणाकडे पाहिलं नाही, मला गरज नव्हती. ती पाहत होती.

"चालंल," ती म्हणाली आणि कप घेतला. घेताना मी माझी बोटं तिच्या बोटांवर ठेवली, आणि चहा संपेपर्यंत काढली नाहीत.